अहवालातला ‘आर’ नेमका कोणाचा?

पत्र: लघवीला जळजळ होत होती आणि वारंवार जावे लागत होते, म्हणून डॉक्टरांनी लघवीची कल्चर तपासणी करायला सांगितली. अहवालात ‘ई. कोलाय’ हे जीवाणूचे नाव आणि त्याखाली औषधांची यादी आहे. अँपिसिलिनपुढे ‘आर’ लिहिले आहे, तर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्ल यांच्या जोडऔषधापुढे ‘एस’. दोन महिन्यांपूर्वी सर्दी-घसादुखी झाली तेव्हा घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल मी तीन दिवस घेतल्या आणि बरे वाटताच थांबवल्या. त्यामुळे माझ्या शरीराला या औषधाची सवय झाली का? हा ‘आर’ आता कायमचा का? माझी मुलगी जीवशास्त्र शिकते. ती म्हणते, ही औषधे जीवाणूंची भिंत फोडतात. औषध लागू पडत नाही याचा अर्थ जीवाणूंनी भिंत जाड केली असणार. आता जोडऔषध पाच दिवसांसाठी दिले आहे, पण दुसऱ्याच दिवशी जळजळ थांबली. गोळ्या बंद केल्या तर चालेल का? — एक वाचक

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण हे सदर तुमच्या हाती पडेपर्यंत गोळ्या संपत आलेल्या असतील: बंद करू नका, पाचही दिवस, सांगितलेल्या अंतराने घ्या. असे का, ते पुढे येईलच. ते कारण तुम्ही आजवर ऐकले असेल त्याहून जरा वेगळे आहे. मात्र थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखू लागले किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात ठरेनाशी झाली, तर पाच दिवस पुरे होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. अंगावर पित्तासारखे उठले, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागू लागला, तर पुढची गोळी न घेता लगेच जा. ती पेनिसिलिन गटाची ॲलर्जी असू शकते आणि तिचा जीवाणूच्या प्रतिरोधाशी काही संबंध नसतो.

आता ‘आर’ कोणाचा, हा प्रश्न. तो तुमचा नाही. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, प्रतिरोधी. ‘एस’ म्हणजे ससेप्टिबल, औषधाला बळी पडणारा. ही दोन्ही विशेषणे प्रयोगशाळेत तुमच्या लघवीच्या नमुन्यातून वाढवलेल्या त्या जीवाणूची आहेत, तुमच्या शरीराची नव्हेत. झोपेच्या किंवा वेदनाशामक औषधाची शरीराला सवय होते तशी प्रतिजैविकाची होत नाही, कारण हे औषध तुमच्या पेशींवर काम करण्यासाठी दिलेलेच नसते. अमॉक्सिसिलिनचे लक्ष्य आपल्या शरीरात मुळी नाहीच. ते फक्त जीवाणूंकडे असते, आणि मुलीने म्हटल्याप्रमाणे ते जीवाणूच्या पेशीभित्तिकेशी निगडित आहे. तिच्या वाक्यातला ‘फोडतात’ हा एकच शब्द मला बदलायचा आहे, पण त्या एका शब्दावरच तुमच्या अहवालाचा सगळा उलगडा अवलंबून आहे.

जीवाणूच्या आत क्षार, शर्करा, प्रथिने यांची इतकी दाटी असते की बाहेरचे पाणी परासरणाने सतत आत घुसू पाहते. त्यामुळे आतून बाहेर दाब पडत राहतो. स्टॅफिलोकॉकससारख्या जाड भित्तिकेच्या जीवाणूत तो वातावरणाच्या दाबाच्या वीसपटीच्या घरात जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट. ई. कोलायमध्ये दाब त्याहून बराच कमी असतो आणि भित्तिकाही अगदी तलम असते. हा दाब आतले नाजूक पेशीपटल एकट्याने सोसू शकत नाही. त्याच्याभोवती पेप्टिडोग्लायकन या द्रव्याची विणलेली पिशवी असते, म्हणून जीवाणू टिकतो. दोन शर्करा आळीपाळीने जोडून झालेले लांब धागे, प्रत्येक धाग्याला लोंबणाऱ्या अमिनो आम्लांच्या आखूड शेपट्या, आणि शेजारशेजारच्या धाग्यांच्या शेपट्या एकमेकींना बांधून टाकलेल्या, अशी ही वीण असते. भिंत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर विटा येतात. खरे तर जाळे यायला हवे.

या जाळ्याला गाठ मारण्याचे काम जी विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात, त्यांची ओळख शेपटीच्या टोकाशी असते. तिथे डी-अलॅनिन नावाचे अमिनो आम्ल लागोपाठ दोनदा येते. विकर ते टोक पकडते, शेवटचे अलॅनिन तोडून टाकते आणि उरलेली शेपटी शेजारणीला बांधते. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि त्यांचे सगळे नातलग यांच्या रेणूत एक चौकोनी, ताणलेले कडे असते. त्याला बीटा-लॅक्टम कडे म्हणतात. हा रेणू त्या दोन डी-अलॅनिनच्या टोकासारखा दिसतो. विकर फसते, त्यालाच पकडते, कडे उघडते आणि औषध विकराला चिकटून बसते. नेहमीची शेपटी असती तर काम क्षणात उरकून विकर मोकळे झाले असते. इथे मात्र त्याचा हात असा अडकतो की जीवाणूच्या आयुष्याच्या हिशेबात तो सुटतच नाही.

म्हणजे औषधाने भित्तिकेला धक्काही लावलेला नसतो. अडकतो तो विणणाऱ्याचा हात. जीवाणूला वाढायचे तर जुन्या विणीतले काही टाके उसवून तिथे नवे धागे घालावे लागतात, आणि उसवणारी विकरे वेगळी असतात, त्यांना औषधाचा स्पर्शही होत नाही. ती आपले काम चालूच ठेवतात. उसवणे चालू आणि बांधणे बंद, अशी अवस्था झाली की बाकीचे आतला दाब करतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते तेव्हा हे विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असे: अँपिसिलिनच्या द्रावात ठेवलेली ई. कोलायची कांडी आधी थोडी लांबते, मग बहुधा मध्यावर, जिथे तिचे दोन भाग व्हायचे असतात तिथे, एक फुगा बाहेर येतो, काही वेळ तसाच राहतो, आणि पुढच्या क्षणी गडद दिसणारी कांडी फिकट होऊन तिचे नुसते कवच उरते. दोनदा पाहूनही तो शेवटचा क्षण डोळ्यांनी पकडता येत नाही.

जाता जाता, भित्तिका खरोखर कापणारा पदार्थही आहे आणि तो आपल्याच अश्रूंमध्ये आणि लाळेत असतो. लायसोझाइम हे त्याचे नाव. तो शर्करांचे धागेच तोडतो. १९२२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंग होते, ज्यांना पुढे १९२८ मध्ये लंडनमधल्या सेंट मेरीज रुग्णालयातील प्रयोगशाळेत पेनिसिलिनचा परिणाम दिसला. मुलीला ‘फोडतात’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो लायसोझाइमसाठी राखून ठेवायला सांगा.

हात अडकवणे आणि भिंत फोडणे यांतला भेद नुसता शब्दांचा नाही. जो जीवाणू त्या वेळी वाढतच नसतो, त्याला विणायचे नसते, म्हणून हात अडकल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच दाखवले होते की पेनिसिलिनमध्ये जवळजवळ सगळे जीवाणू मेले तरी थोडे शिल्लक राहतात, आणि ते प्रतिरोधी नसतात, नुसते स्वस्थ पडलेले असतात. औषध गेल्यावर ते पुन्हा वाढू लागतात आणि पुन्हा औषध दिले तर पूर्वीसारखेच मरतात. म्हणून या गटाच्या औषधांत एका वेळी किती मात्रा घेतली यापेक्षा ती रक्तात आणि लघवीत किती वेळ पुरेशा प्रमाणात टिकली याला जास्त महत्त्व असते. अमॉक्सिसिलिनचे रक्तातले प्रमाण साधारण तासा-सव्वा तासात निम्मे होते. सकाळची विसरलेली गोळी रात्रीच्या गोळीबरोबर घेऊन हिशेब जुळतो असे अनेकांना वाटते. तो जुळत नाही. तुम्हाला सांगितलेले अंतर पाळा, असे मी सुरुवातीलाच म्हटले ते यासाठी.

आता तुमच्या अहवालाकडे या. अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही सख्खी भावंडे आहेत, म्हणून प्रयोगशाळा एकाची चाचणी करून दुसऱ्याचाही निष्कर्ष काढते. तेव्हा अमॉक्सिसिलिन एकटे निरुपयोगी, पण त्याच्या जोडीला क्लॅव्युलॅनिक आम्ल दिले की तोच जीवाणू मरतो, असे तुमचा अहवाल सांगतो. क्लॅव्युलॅनिक आम्ल स्वतः जीवाणूला फारसे मारत नाही. मग त्याच्या येण्याने नेमके काय बदलले? मुलीच्या तर्काप्रमाणे भित्तिका जाड झाली असती किंवा गाठ मारणारे विकरच बदलले असते, तर या जोडीदाराने काहीच फरक पडला नसता. फरक पडला याचा अर्थ विणणारा हात जसाच्या तसा आहे आणि औषध त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत कोणीतरी ते मोडून टाकत होते.

ते मोडणारे विकर म्हणजे बीटा-लॅक्टमेझ. ते अमॉक्सिसिलिनचे चौकोनी कडे पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने उघडते आणि स्वतः मोकळे होऊन पुढच्या रेणूकडे वळते. गाठ मारणाऱ्या विकराचा हात जिथे अडकतो तिथे याचा अडकत नाही, इतकाच फरक, पण तो पुरेसा आहे. असे विकर ई. कोलायमध्ये असल्याचे एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे पेनिसिलिन रुग्णांना सर्रास मिळू लागण्याच्याही आधी. ई. कोलायच्या अँपिसिलिन-प्रतिरोधामागे बहुतेक वेळा जे बीटा-लॅक्टमेझ असते, त्याला टेम-१ म्हणतात. ते १९६०च्या दशकात ग्रीसमधल्या एका रुग्णाच्या नमुन्यात सापडले आणि त्या रुग्णाच्या नावातली आद्याक्षरे त्याला कायमची चिकटली. क्लॅव्युलॅनिक आम्लाच्या रेणूतही बीटा-लॅक्टम कडे आहे, पण त्याला हात घातला की हे मोडणारे विकरच अडकून निकामी होते. एक रेणू स्वतःचा बळी देतो आणि दुसऱ्याची वाट मोकळी करतो. डॉक्टरांनी तुम्हाला दिलेली ही खरोखरीची जोडगोळी आहे.

हे विकर किती दूरवर काम करते ते एका साध्या तबकडीवर दिसते. अँपिसिलिन घातलेल्या पोषक माध्यमावर प्रतिरोधी जीवाणूची एक ठळक वसाहत वाढवून तबकडी जास्त वेळ उबवली, तर तिच्याभोवती मोहरीच्या दाण्याहूनही बारीक अशा वसाहतींचे कडे उगवते. आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी त्या बारीक वसाहती प्रतिरोधी समजून उचलत असे आणि नव्या अँपिसिलिनच्या तबकडीवर त्या वाढेनात म्हणून गोंधळत असे. त्या प्रतिरोधी नसतातच. मधल्या वसाहतीने आपल्या भोवतालचे औषध मोडून टाकल्यामुळे त्यांना आयता आसरा मिळालेला असतो. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. शरीरातही जीवाणू असे गर्दीने राहतात, आणि एकाने औषध मोडले की त्याचा लाभ शेजाऱ्यालाही होतो.

मग हा प्रतिरोधी ई. कोलाय तुमच्याकडे आला कुठून? तुम्ही दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या कॅप्सूलमुळेच आला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही; एकाही प्रतिजैविकाला हात न लावलेल्या माणसांच्या आतड्यातही असे जीवाणू सापडतात. पण त्या कॅप्सूलनी त्याला मदत झाली असण्याची शक्यता चांगलीच आहे. सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूला पेशीभित्तिका नसते, डी-अलॅनिनच्या शेपट्या नसतात, त्यामुळे अमॉक्सिसिलिनला तिथे पकडण्याजोगे काहीच नव्हते. तीन दिवसांत तुम्हाला बरे वाटले ते सर्दीची मुदत भरल्यामुळे. औषध मात्र पोटात गेले, आणि आतड्यात नांदणाऱ्या असंख्य जीवाणूंपैकी जे त्याला बळी पडणारे होते ते मेले. चोर सोडून संन्याशाला फाशी. टेम-१ बाळगणारे जे थोडे ई. कोलाय तिथे आधीपासून होते, त्यांची स्पर्धा त्या तीन दिवसांत कमी झाली आणि त्यांचा वाटा वाढला. लघवीच्या मार्गातला संसर्ग बहुतेक वेळा आतड्यातल्याच ई. कोलायमुळे होतो, तेव्हा पुढची कडी तुम्हीच जोडू शकाल.

‘आधीपासून होते’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. औषध पाहून जीवाणू धडा शिकतो आणि मग प्रतिरोधी होतो, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. साल्व्हाडोर लुरिया आणि माक्स डेलब्र्यूक यांनी १९४३ मध्येच जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत दाखवले की वाचवणारे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, संकट येण्याआधीच एखाद्या जीवाणूत घडून गेलेले असते. संकट फक्त निवड करते. २०११ मध्ये शास्त्रज्ञांना तर सुमारे ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतही बीटा-लॅक्टमेझची आणि व्हँकोमायसिन या दुसऱ्या एका प्रतिजैविकाच्या प्रतिरोधाची जनुके सापडली. मातीतल्या बुरशा आणि जीवाणू एकमेकांवर ही अस्त्रे आपल्या आधीपासून चालवत आले आहेत. शिवाय टेम-१चे जनुक प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यावर असते आणि ते कडे एक जीवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही, देऊ शकतो. म्हणून आतड्यातल्या निरुपद्रवी जीवाणूंत वाढलेला प्रतिरोध निरुपद्रवी राहतोच असे नाही.

मुलीचा तर्क तुमच्या अहवालाला लागू पडत नसला तरी तो टाकाऊ नाही, हे तिला आवर्जून सांगा. १९९७ मध्ये जपानमधून स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा असा वाण नोंदवला गेला, ज्याच्यावर व्हँकोमायसिनचा प्रभाव कमी पडत होता, आणि त्याने खरोखरच भित्तिका जाड केली होती: व्हँकोमायसिन शेपटीच्या टोकावरच जाऊन बसते, त्यामुळे बाहेरच्या थरांतल्या असंख्य टोकांवर ते खर्ची पडते आणि आत जिथे नवे विणकाम चालते तिथे फारसे पोहोचत नाही. एंटेरोकॉकस या जीवाणूने त्याच औषधावर वेगळी युक्ती काढली. त्याने शेवटच्या डी-अलॅनिनच्या जागी डी-लॅक्टेट बसवले, आणि एवढ्याशा बदलाने व्हँकोमायसिनची पकड सुमारे हजारपट सैल झाली. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये वापरात आले ते बीटा-लॅक्टमेझला दाद न देणारे म्हणून. दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस सापडला. त्याने औषध मोडले नव्हते, तर गाठ मारणारे एक जादा विकर मिळवले होते, ज्याचा हात या औषधांत सहसा अडकत नाही. अशा जीवाणूवर क्लॅव्युलॅनिक आम्लाची जोड देऊन उपयोग नसतो. तेव्हा ‘आर’ हे एकच अक्षर असले तरी त्यामागचे कारण वेगवेगळे असू शकते, आणि कोणते औषध द्यायचे ते त्या कारणावर ठरते.

राहिला पाच दिवसांचा मुद्दा. ‘औषध अर्धवट सोडले तर जीवाणू प्रतिरोधी होतात, म्हणून ते संपवावे’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, आणि फ्लेमिंग यांनीही १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेच्या धोक्याची सूचना दिली होती. क्षयरोगासारख्या आजारात, जिथे उपचार महिनोन्महिने चालतात आणि प्रतिरोध रुग्णाच्या शरीरातल्याच जंतूंच्या उत्परिवर्तनाने उभा राहतो, तिथे ते अक्षरशः खरे आहे. तुमच्यासारख्या संसर्गात मात्र चित्र इतके सरळ नाही. इथे धोका आतड्यातल्या बघ्या जीवाणूंत वाढतो, आणि औषध जितके जास्त दिवस, तितकी त्यांच्यातली निवड जास्त. म्हणूनच गेल्या काही वर्षांत अनेक संसर्गांसाठी पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे उपचार तपासून पुरेसे ठरवले गेले आहेत, आणि तुम्हाला दहा नव्हे, पाच दिवस सांगितले आहेत ते कमीच आहेत. पण ही मुदत अभ्यासातून ठरते, जळजळ थांबण्यावरून नाही. जळजळ कमी होते ती जीवाणूंची संख्या घटल्यामुळे. उरलेले स्वस्थ पडलेले जीवाणू त्या वेळी तिथे असतातच, आणि त्यांच्यामुळे तोच आजार पंधरा दिवसांत परत आला तर तुम्हाला प्रतिजैविकाचा आणखी एक क्रम घ्यावा लागेल. आतड्यातल्या जीवाणूंच्या दृष्टीने तोच व्यवहार सर्वांत महाग. दिवस कमी करता येतील का, असे डॉक्टरांना विचारण्यात काहीही गैर नाही, ते मी स्वतःही विचारते. आपल्या मनाने कमी करू नका, एवढेच.

गोळ्या उरल्या तर त्या घरात ठेवू नका, औषधविक्रेत्याला त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते विचारा. सर्दीच्या वेळी त्या कॅप्सूल खणात नसत्या तर तुम्ही त्या घेतल्या नसत्या. त्यात तुमच्या स्वभावाचा दोष फारसा नाही, खणाचा आहे.

आणि ‘आर’ कायमचा का? नाही. औषधाचा दबाव गेला की आतड्यातले बळी पडणारे जीवाणू हळूहळू आपली जागा परत घेतात. प्रतिजैविकानंतरचा पहिला महिना सर्वांत जोखमीचा असतो, पुढे परिणाम ओसरत जातो, पण त्याचा माग वर्षभरापर्यंत लागू शकतो. तेवढे दिवस हा अहवाल जपून ठेवा आणि दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी प्रतिजैविक देण्याची वेळ आली तर तो डॉक्टरांना दाखवा, आणि दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या कॅप्सूलबद्दलही सांगा. मात्र लक्षणे पूर्ण गेल्यावर, ‘आर’ गेला की नाही हे पाहण्यासाठी म्हणून पुन्हा कल्चर करून घेऊ नका. गर्भारपणासारखी काही ठरावीक परिस्थिती सोडली तर त्रास नसताना लघवीत सापडलेल्या जीवाणूंवर उपचार करायचे नसतात, आणि अहवाल हातात आला की औषध घेण्याचा मोह आवरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.